पाहुण्याच्या खुर्चीत कुणाला बसवायचं, हे ठरतं कुठे? लॅरी सँडर्सच्या स्टुडिओपासून यवतमाळच्या मांडवापर्यंतची गोष्ट

जानेवारी २०१९. यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होतं. तयारी जवळपास पूर्ण झालेली. उद्घाटक म्हणून नाव ठरलं होतं ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांचं. त्यांचं भाषणसुद्धा लिहून तयार होतं.

आणि ऐनवेळी त्यांना कळवण्यात आलं, येऊ नका.

कारण काय, तर सहगल इंग्रजीत लिहितात. मराठीच्या संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, असा आक्षेप मनसेच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घेतला होता आणि कार्यक्रम उधळण्याचा इशारा दिला होता. नंतर राज ठाकरे यांनी आपली हरकत नसल्याचं जाहीर केलं, पण तोवर निमंत्रण मागे गेलं होतं. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी संमेलनाला जायचं नाही असं ठरवलं. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत भाषांतर होऊन मोबाईलवर फिरू लागलं आणि झालेल्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त वाचलं गेलं.

मग उद्घाटन कुणी केलं? यवतमाळ जिल्ह्यातल्याच राजूर गावच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली होती. साहित्याच्या सगळ्यात मोठ्या मांडवात, जिथे मोठमोठी नावं बसतात त्या जागी, काही दिवसांत एक शेतकरी बाई आली.

पाहुणा ठरतो, पाहुणा कापला जातो, दुसरा आणून बसवला जातो. लोकांना दिसतं ते फक्त व्यासपीठ. अमेरिकेत टॉक शोच्या धंद्यात, आलेल्या पाहुण्याला ऐनवेळी कापण्याला ‘बंप करणं’ असा शब्दच आहे. आणि या सगळ्या पडद्यामागच्या कारभारावर तिथे एक अख्खी विनोदी मालिका झाली. नाव, ‘द लॅरी सँडर्स शो’.

नेमकी काय होती ही मालिका?

१५ ऑगस्ट १९९२ ला एचबीओवर ती सुरू झाली आणि सहा सीझन करून ३१ मे १९९८ ला संपली. गोष्ट एका टॉक शोची. लॅरी सँडर्स नावाचा सूत्रसंचालक रोज रात्री सूट घालून येतो, चार विनोद करतो, टेबलामागे बसतो आणि शेजारच्या खुर्चीत एकेक पाहुणा येऊन गप्पा मारून जातो. हा शो खोटा, म्हणजे मालिकेपुरता. पण पाहुणे खरे. हॉलिवूडचे खरेखुरे कलाकार स्वतःच्याच नावाने यायचे आणि स्वतःचीच टिंगल करून घ्यायचे.

खरी मजा मात्र शो संपल्यावर सुरू व्हायची. कॅमेरा स्टुडिओच्या मागच्या बोळात शिरायचा आणि तिथे कळायचं की समोर हसत बसलेला लॅरी आतून किती घाबरलेला, किती आत्ममग्न आणि किती एकटा माणूस आहे. रात्री घरी जाऊन तो पलंगावर पडून स्वतःचाच शो बघतो.

हे दोन थर वेगळे कळावेत म्हणून एक साधी युक्ती केली होती. टॉक शोचा भाग व्हिडिओ टेपवर चित्रित व्हायचा, त्यामुळे तो चकचकीत दिसायचा आणि त्यात प्रेक्षकांचं हसू ऐकू यायचं. मागचा भाग फिल्मवर. तिथे रंग उतरलेले आणि हसू अजिबात नाही. त्या काळात अमेरिकन विनोदी मालिकांना मागून हशा जोडायची पद्धत होती. इथे तो काढून टाकला. कुठे हसायचं ते बघणाऱ्याने स्वतः ठरवायचं.

हे सगळं सुचलं गॅरी शँडलिंग यांना. डेनिस क्लाइन यांच्यासोबत त्यांनी मालिका घडवली आणि लॅरीचं कामही स्वतःच केलं. त्यांना हे आतून माहीत होतं, कारण जॉनी कार्सन यांच्या गाजलेल्या ‘टुनाइट शो’मध्ये कार्सन सुट्टीवर असले की शँडलिंग त्यांच्या जागी बसत. मे १९९२ मध्ये कार्सन निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवरून जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन यांच्यात रस्सीखेच झाली, आणि तीनच महिन्यांत ही मालिका आली. पुढे लेटरमन यांची जागा रिकामी झाली तेव्हा शँडलिंग यांना खऱ्या टॉक शोची ऑफर आली. त्यांनी ती नाकारली. खऱ्या खुर्चीपेक्षा त्यांना खोट्या खुर्चीतून जास्त खरं सांगता येत होतं.

मग टिंगल कुणाची होती?

या मालिकेत तीन माणसं महत्त्वाची.

पहिला आर्टी, म्हणजे निर्माता. रिप टॉर्न यांनी हे काम केलं आणि त्यासाठी १९९६ मध्ये त्यांना एमी मिळाला. चॅनेलच्या साहेबांना एक सांगायचं, पाहुण्याला दुसरं, लॅरीला तिसरं, आणि शो वेळेवर सुरू करायचा. त्याचं खोटं बोलणं इतकं प्रेमळ असतं की समोरच्याला आपण कापले गेलो हे गाडीत बसल्यावर कळतं.

दुसरा हँक, म्हणजे जोडीदार सूत्रसंचालक. जेफ्री टॅम्बोर यांनी तो रंगवला. स्क्रीनवर लॅरीच्या प्रत्येक विनोदाला हसणं हे त्याचं काम. मागे मात्र आपल्याला किंमत नाही म्हणून तो सतत जळत असतो आणि मिळेल त्या जाहिरातीला चेहरा भाड्याने देत असतो.

तिसरी पॉला. तिचं काम सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त वजनाचं. ती पाहुणे ठरवते. कुणाला आज आणायचं, कुणाला पुढच्या आठवड्यावर ढकलायचं, कोण गाजतोय, कोण उतरतोय, ही सगळी यादी तिच्या टेबलावर.

मालिका सांगत होती ते एवढंच. टीव्हीवर गप्पा सहज चालल्यासारख्या वाटतात, पण त्या खुर्चीत कोण बसणार, किती मिनिटं बोलणार आणि कशावर बोलणार नाही, हे सगळं आधीच कुठल्यातरी बंद खोलीत ठरलेलं असतं.

हॉलिवूडच्या स्टारला कापलं तर फार तर त्याचा अहंकार दुखावतो. पण पाहुणा जर कर्जबाजारी शेतकरी असेल तर?

याचं उत्तर आलं ‘पीपली लाइव्ह’मधून

टीव्हीच्या पडद्यामागे शिरून केलेला आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला उपहास म्हणजे १३ ऑगस्ट २०१० ला आलेला हिंदी सिनेमा ‘पीपली लाइव्ह’. दिग्दर्शिका अनुषा रिझवी स्वतः आधी एनडीटीव्हीत पत्रकार होत्या. म्हणजे शँडलिंग यांच्यासारखंच, धंदा आतून बघितलेल्या माणसाने केलेली टिंगल.

गोष्ट अशी. नत्था आणि बुधिया या दोन भावांची जमीन कर्जापायी लिलावात निघते. आत्महत्या केली तर सरकारकडून एक लाख मिळतात असं कानावर येतं आणि नत्था मरणार असं ठरतं. बातमी फुटते. गावात ओबी व्हॅनची रांग लागते. नत्था मरणार की नाही, कधी मरणार, यावर थेट प्रक्षेपण सुरू होतं. त्याच्या घरासमोर जत्रा भरते.

आणि त्याच गावात होरी महातो नावाचा एक म्हातारा रोज माती खणून विकत असतो. तो एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. कारण तो त्या दिवसाचा पाहुणा नसतो.

सिनेमा गाजला. सनडान्स महोत्सवात गेला, ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड झाला. सगळीकडे कौतुक चाललं होतं, तेव्हा एका ठिकाणाहून मात्र यावर बंदी घाला अशी मागणी आली.

ते ठिकाण होतं यवतमाळ जिल्हा.

यवतमाळ का चिडलं?

पांढरकवड्याहून काम करणाऱ्या विदर्भ जन आंदोलन समितीच्या किशोर तिवारी यांनी हा आक्षेप घेतला. म्हणणं असं, की शेतकरी मदतीच्या पैशासाठी जीव देतो असं चित्र या सिनेमातून उभं राहतं आणि हे धादांत खोटं आहे.

बंदीची मागणी बरोबर की चूक यावर मतं वेगळी असू शकतात. सिनेमाचा रोख चॅनेलवाल्यांवर आणि पुढाऱ्यांवर होता, शेतकऱ्यावर नव्हता, हेही खरं. पण यवतमाळचा राग समजून घ्यायचा तर त्या एक लाखाचा हिशेब माहीत असायला हवा.

महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार मुदत ठेवीत. पण ती आपोआप मिळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर प्रकरण जातं आणि तिथे शिक्का बसतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. नापिकी होती का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं बघितलं जातं.

आता विचार करा. सातबारा बापाच्या नावावर आणि शेती करत होता मुलगा. शेत मक्त्याने केलेलं. कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं, ज्याचा कुठे कागदच नाही. माणूस गेला, पण फाईल ‘अपात्र’. विदर्भातल्या किती घरांत हा शब्द ऐकावा लागला असेल!

म्हणजे इथेही एक बंद खोली आणि एक यादी आहेच. कुणाचं मरण मोजायचं आणि कुणाचं नाही, ते तिथे ठरतं. सिनेमाने चॅनेलचा पडदा बाजूला केला, पण या दुसऱ्या खोलीचा पडदा तसाच राहिला. उलट ‘मेलं की लाख मिळतात’ हेच वाक्य लोकांच्या डोक्यात राहील, अशी भीती ज्यांच्या घरात हे घडलं होतं त्यांना वाटली तर त्यात नवल नाही.

मराठी टीव्हीवर काय झालं?

मराठीत टॉक शोची टिंगल करणारा सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम म्हणजे झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’. डॉ. निलेश साबळे यांचं सूत्रसंचालन, थुकरटवाडी नावाचं गाव, आणि सिनेमाच्या प्रमोशनला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांचीच केलेली नक्कल. टॉक शोचा साचा घ्यायचा आणि तो पाहुण्यासमोरच मोडून दाखवायचा, ही त्यातली गंमत.

विदर्भाचा आवाजही यात होता. मूळचे अमरावती जिल्ह्यातले भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलायला लागले की अख्खा महाराष्ट्र हसायचा. याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. अरविंद जगताप यांनी लिहिलेली ती पत्रं ऐकताना हसणारी माणसं गप्प व्हायची, डोळे पुसायची. शेतकऱ्याचं दुःख त्या पत्रांतून स्टुडिओत यायचं.

पण लॅरीच्या मालिकेत होतं ते एक इथे नव्हतं. पाहुणा कसा ठरतो, कुणाला का बोलावलं, कुणाला का नाही, ही मागची खोली इथे कधी उघडली नाही. तो या कार्यक्रमाचा दोष म्हणता येणार नाही, त्याचा बाजच वेगळा होता. पण त्यामुळे एक गोष्ट तशीच राहिली. वऱ्हाडी बोली टीव्हीवर बहुतेक दोनच कारणांनी ऐकू येते, एक तर हसवायला, नाहीतर कुणीतरी गेल्यावर घरासमोर माईक धरला जातो तेव्हा.

आणि यवतमाळात माईक कितीदा आले!

२००६ ची गोष्ट पत्रकार पी. साईनाथ नेहमी सांगतात. मुंबईत फॅशन वीक चालू होता, तिथे ५०० हून अधिक पत्रकारांची नोंदणी झाली होती. मॉडेल कापसाचे कपडे घालून चालत होत्या. तो कापूस पिकवणारी माणसं विमानाने तासाभरावर असलेल्या विदर्भात जीव देत होती आणि ते सांगायला बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या या कामावर दीपा भाटिया यांनी ‘नीरोज गेस्ट्स’ नावाचा माहितीपट केला. नावातच पाहुणे आहेत. जुन्या रोमन कथेतल्या नीरो राजाच्या मेजवानीत उजेडासाठी माणसं जाळली जात होती, तेव्हा तिथे जेवायला बसलेले ते पाहुणे कोण होते, हा साईनाथ यांचा प्रश्न.

त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मग कॅमेरे आले.

जुलै २००८ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत अणुकराराच्या चर्चेत एका बाईचं नाव घेतलं. जळका गावच्या कलावती बांदूरकर. नवऱ्याने आत्महत्या केलेली, घरात वीज नाही. एका भाषणाने हे नाव देशभर पोहोचलं आणि जळक्याची वाट पत्रकारांना पाठ झाली.

२० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत आले, ‘चाय पे चर्चा’साठी. चहा, समोर शेतकरी, हातात माईक, आणि ठिकठिकाणी पडद्यावर बघणारे लोक. रचना पाहिली तर हा सरळ सरळ टॉक शोच होता. त्यानंतरच्या निवडणुकांत पत्रकार दाभडीला जाऊन विचारत राहिले, तेव्हा ठरलेलं काय झालं?

पक्ष वेगळे, वर्षं वेगळी, पण खुर्ची तीच. यवतमाळचा शेतकरी किंवा त्याची बायको पाहुणा म्हणून बसवली जाते, तिच्याबद्दल बोललं जातं. तिने किती बोलायचं हे मात्र दुसरंच कुणीतरी ठरवतं.

मग वैशाली येडे काय बोलल्या?

इथे परत २०१९ च्या मांडवाकडे यायला हवं. येडे यांना ऐनवेळी बसवलं गेलं, तेव्हा वाद झाकायला एका विधवेला पुढे केलं अशी टीका झाली. ती सगळीच चुकीची नव्हती. पण येडे काही पहिल्यांदा व्यासपीठावर चढत नव्हत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. विदर्भात तेराव्या दिवसाच्या विधीला तेरवी म्हणतात. शेतकरी नवरा गेल्यानंतर बाईच्या वाट्याला जे येतं त्यावर हे नाटक, आणि त्यात काम करणाऱ्या बायका त्याच घरांतल्या. मागचं जगणं आणि समोरचं बोलणं यांच्यामध्ये इथे ना आर्टी, ना पॉला.

म्हणून उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी रडगाणं गायलं नाही. अडचणीत दिल्ली धावून येत नाही, गल्लीतलीच बाई येते, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दुसरीकडे संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याबद्दल त्याच व्यासपीठावरून नाराजी मांडली. कापलेला पाहुणा आणि बसवलेला पाहुणा, दोघींचं म्हणणं त्या दिवशी लोकांपर्यंत पोहोचलं. पाहुण्यांची यादी करणाऱ्यांना हे अपेक्षित नसावं.

आणखी चार वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कलावतीबाईंचं नाव पुन्हा लोकसभेत आलं. या वेळी अमित शहा यांच्या तोंडून. मोदी सरकारने त्यांना घर, वीज वगैरे दिल्याचं त्यांनी सांगितलं. ती क्लिप व्हायरल झाली. लगेच पत्रकार जळक्याला पोहोचले आणि कलावतीबाईंनी सांगितलं की मदत राहुल गांधींकडून झाली होती. मग ती क्लिपही व्हायरल झाली.

कुणाचा दावा खरा यावर दोन्ही बाजूंचे समर्थक आजही भांडतील. पण १५ वर्षांत देशाच्या संसदेत दोनदा नाव निघालेली ही बाई दोन्ही वेळा त्या सभागृहात नव्हती. पहिल्या वेळी सगळे तिच्याबद्दल बोलले. दुसऱ्या वेळी मोबाईल आणि माईक तिच्या दारात होते, आणि तिने स्वतःची बाजू स्वतः सांगितली.

लॅरी सँडर्सच्या काळात पाहुण्याची यादी एका पॉलाच्या टेबलावर असायची. आता तेच काम जो क्लिप कापतो तो करतो आणि जो ती पुढे पाठवतो तोही करतो. त्यामुळे यवतमाळचा, नाहीतर कुठलाही शेतकरी पुढच्या वेळी तीस सेकंदांच्या व्हिडिओत दिसला, तर फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघायला हरकत नाही, की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या मिनिटात तो काय म्हणत होता.